१०४ विजय घरी, ८४ विजय फायनलला: बेसबॉलच्या २०२३ च्या पोस्टसीझनचं प्रकरण

७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ पिचिंगला (चेंडू टाकायला) उभा राहिला आणि ॲरिझोना डायमंडबॅक्सच्या पहिल्या पाच बॅटरनी त्याला ओळीने पाच हिट मारले. पहिलाच फटका सेंटर फील्डमध्ये जेम्स आउटमनच्या ग्लव्हला लागून निसटला. तिथून जी गळती लागली ती थांबेचना. पाचवा बॅटर गॅब्रिएल मोरेनोने होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून तीन धावा एकदम काढल्या तेव्हा ५-० झालं होतं आणि बाद कुणीच नव्हतं. मग कर्शॉने एकाला बाद केलं, आणखी एक धाव दिली आणि त्याला बाहेर काढलं. तीन वेळा साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवलेला पिचर, त्या सीझनमध्ये १३ विजय आणि ५ पराभव, आणि या सामन्यात त्याच्या खात्यावर एक बाद, सहा धावा. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती आणि दुपारी चेपॉकवर भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपचा सामना असल्यामुळे इकडे कुणी ढुंकून पाहिलं असेल असं वाटत नाही.

डॉजर्सनी तो सामना ११-२ असा गमावला आणि मग पुढचे दोनही. तिन्ही सामन्यांत त्यांच्या सुरुवातीच्या पिचरनी मिळून पाच इनिंगसुद्धा टाकल्या नाहीत. सीझनमध्ये १०० सामने जिंकलेला संघ ८४ जिंकलेल्या संघापुढे ३-० ने साफ झाला. त्याच आठवड्यात १०१ विजयांच्या बाल्टिमोर ओरिओल्सना टेक्सास रेंजर्सनी ३-० ने घरी बसवलं. या ओरिओल्सवर अख्ख्या सीझनमध्ये एकाही मालिकेत व्हाइटवॉशची वेळ आली नव्हती. आणि १०४ विजयांचे अटलांटा ब्रेव्हज, ज्यांनी ३०७ होमरन मारून विक्रमाशी बरोबरी केली होती, ज्यांच्या रोनाल्ड अकुन्याने ४१ होमरन आणि ७३ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) असा आजवर कुणाला न जमलेला मेळ साधला होता, ते फिलाडेल्फियाकडून ३-१ ने हरले. चार सामन्यांत त्यांच्या धावा झाल्या आठ.

शंभरी गाठलेले हे तिघे मिळून दहा सामने खेळले आणि जिंकले एक. वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, समोरासमोर आले ते ९० विजयांचे रेंजर्स आणि ८४ विजयांचे डायमंडबॅक्स. रेंजर्स ४-१ ने जिंकले. १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या या फ्रँचायझीचं हे पहिलंच विजेतेपद. अमेरिकेत सामन्यामागे सरासरी ९१ लाख लोकांनी ते पाहिलं, आणि तोवरच्या वर्ल्ड सिरीजच्या नोंदींत हा सगळ्यात खालचा आकडा होता.

मग व्हायची ती बोंब झाली. सीझनमध्ये १६२ सामने खेळायचे कशाला, ही रचना मोडीत काढा, विश्रांती देऊन चांगल्या संघांना गंज चढवला, वगैरे. पोस्टसीझन (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) कशी बांधावी हा वाद बेसबॉलमध्ये शंभर वर्षं चालू आहे. १९०६ साली ११६ सामने जिंकलेले शिकागो कब्ज वर्ल्ड सिरीज हरले तेव्हाही असाच हलकल्लोळ झाला असणार. पण २०२३ चं प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर तक्रारी झाल्या एका ठिकाणी आणि दुखणं निघतं दुसऱ्याच ठिकाणी.

आधी रचना. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ, दोन लीग (अमेरिकन आणि नॅशनल), प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजन. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजनचे विजेते आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. डिव्हिजन विजेत्यांपैकी पहिल्या दोघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. बाकीचे चार तीन सामन्यांची मालिका खेळतात आणि तिचे सगळे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी होतात. मग पाच सामन्यांची डिव्हिजन सिरीज, त्यानंतर सात सामन्यांची लीग चॅम्पियनशिप सिरीज आणि शेवटी सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज.

हे बाराचं गणित काही तत्त्वातून आलेलं नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात मालकांनी ९९ दिवस लॉकआउट (खेळाडूंना कामबंदी) लावला होता. मालकांना चौदा संघ हवे होते, कारण पोस्टसीझनचा प्रत्येक जादा सामना म्हणजे टीव्हीचे पैसे. खेळाडूंच्या संघटनेला भीती ही की इतके संघ आत जाऊ लागले तर चांगला संघ बांधायला पैसा ओतायची मालकांना गरजच उरणार नाही. तडजोड बारावर झाली. घासाघीस करून ठरलेला आकडा म्हणून त्याला नाकं मुरडायचं कारण नाही, पण तो आकाशातून पडलेला नाही एवढं ध्यानात असावं.

आता सगळ्यात लोकप्रिय तक्रार घेऊ: विश्रांती. सीझन १ ऑक्टोबरला संपला, डिव्हिजन सिरीज ७ ला सुरू झाली. पुढे चाल मिळालेल्या संघांना मध्ये पाच मोकळे दिवस. बेसबॉलपटू फेब्रुवारी-मार्चपासून जवळजवळ रोज खेळतात. हाताला चेंडूची सवय झालेली असते, पाच दिवसांत लय जाते, असं म्हणणं. ऐकायला पटतं. २०२२ मध्येही १११ विजयांचे डॉजर्स आणि १०१ विजयांचे ब्रेव्हज असेच पहिल्या मालिकेत गेले होते, त्यामुळे दोन वर्षांत नमुनाच तयार झाल्यासारखा वाटला.

पण पुढे काय झालं बघा. २०२४ मध्ये पुढे चाल मिळालेल्या चौघांपैकी तीन जिंकले. २०२५ मध्येही तीन. चार वर्षांची बेरीज केली तर विश्रांती घेतलेले संघ सोळा मालिकांपैकी नऊ जिंकले आणि सात हरले. एवढ्या थोड्या मालिकांवरून फार बोलू नये, पण गंज चढतो असं म्हणणाऱ्यांनी तरी या आकड्यांचा आधार घेऊ नये. शिवाय डॉजर्सकडे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिचर उरलेच कुठे होते? वॉकर ब्यूलर दुखापतीतून सावरत होता, टोनी गोन्सोलिन आणि डस्टिन मे जायबंदी, हूलिओ उरियास लीगच्या आदेशाने बाहेर, आणि खुद्द कर्शॉचा खांदा असा की नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. ब्रेव्हजचा चार्ली मॉर्टन बोटाच्या दुखापतीने त्या मालिकेत नव्हता. कमिशनर रॉब मॅनफ्रेड तेव्हा म्हणाले होते की नव्या रचनेला जरा वेळ द्या, पाच दिवसांच्या सुट्टीशिवाय दुसरी कारणंही दिसतात. मॅनफ्रेडशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर क्वचित येते, पण इथे त्यांचं बरोबर होतं.

खरं म्हणजे पुढे चाल ही या रचनेतली सगळ्यात मोठी बक्षिसी आहे. हिशेब अगदी साधा आहे. समजा एखादा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा इतका सरस आहे की कुठल्याही एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ५५ टक्के. तीन सामन्यांच्या मालिकेत ती होते ५७.५ टक्के, पाचच्या मालिकेत ५९.३, सातच्या मालिकेत ६०.८. हाच संघ पाच, सात, सात अशा तीन मालिका खेळला तर विजेता होण्याची शक्यता २२ टक्के. आधी तीन सामन्यांची मालिकाही खेळावी लागली तर साडेबारा. म्हणजे पाच दिवस घरी बसून विजेतेपदाची शक्यता पावणेदोन पट होते. हातातली ही भेट लय जाईल म्हणून कुणी परत करणार नाही.

आता म्हणाल ५५ टक्केच का? १०० विजय विरुद्ध ८४ विजय म्हणजे साठच्या आसपास यायला हवेत. कागदावर येतात. पण सीझनच्या आकड्यात थोडं नशीब मिसळलेलं असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबरमध्ये खेळणारा संघ आणि एप्रिल ते सप्टेंबर खेळलेला संघ हे एकच नसतात. बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतो तो हाच मुद्दा, म्हणून इथे जरा थांबतो.

१६२ सामने साधारण सहा महिन्यांत खेळायचे म्हणजे सुरुवातीचे पिचर पाच लागतात, आळीपाळीने. दुखापती धरल्या तर आठ-दहा. शंभर सामने जिंकणारा संघ बहुतेकदा पहिल्या दोन पिचरच्या जोरावर शंभरपर्यंत पोचत नाही. त्याचा चौथा आणि पाचवा पिचरही इतरांच्या चौथ्या-पाचव्यापेक्षा बरा असतो, राखीव फळी भक्कम असते, मंगळवारच्या कंटाळवाण्या सामन्यांतही तो हरत नाही. याला खोली म्हणा. पोस्टसीझनमध्ये ही खोली जवळजवळ निरुपयोगी होते. ॲरिझोनाकडे झॅक गॅलन आणि मेरिल केली हे दोन उत्तम पिचर होते, आणि तिसरा ब्रँडन फाट नावाचा नवखा. सीझनमध्ये त्यांनी जेवढ्या धावा काढल्या त्याहून १५ जास्त दिल्या होत्या, म्हणजे हा संघ खरोखरच मधल्या फळीतला. पण पाच सामन्यांच्या मालिकेत तीन पिचरवर भागतं.

आणि ते का भागतं? कारण सुट्ट्या. त्या वर्षीच्या नॅशनल लीगच्या डिव्हिजन सिरीजचं वेळापत्रक पाहा: ७, ९, ११, १२ आणि १४ ऑक्टोबर. पहिला आणि दुसरा सामना एकाच गावात, एकाच मैदानावर, तरी मध्ये एक दिवस रिकामा. प्रवास नाही, काही नाही. टीव्हीला रोज रात्री दाखवायला सामना हवा म्हणून चार मालिका अशा पसरवलेल्या. त्या रिकाम्या दिवसाचा फायदा कुणाला होतो? ज्याच्याकडे दोनच चांगले पिचर आहेत त्याला.

माझ्या मते रचनेतली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मालिका पाचाची सात करा असं ज्याला त्याला सुचतं. वर दिलेला हिशेब पुन्हा बघा: पाचाची सात केल्याने सरस संघाची शक्यता वाढते दीड टक्का. त्यासाठी नोव्हेंबरच्या थंडीत आणखी खेळायचं. त्यापेक्षा एका गावात सलग दोन रात्री खेळा आणि सुट्टी फक्त प्रवासाच्या दिवशी ठेवा. चौथ्या पिचरला चेंडू द्यावा लागला की १६२ सामन्यांची मेहनत दिसू लागते. हे अशक्य नाही. २०२० च्या कोविडच्या वर्षी संघ एकाच मैदानावर ठेवून पाच दिवसांत पाच आणि सात दिवसांत सात सामने खेळवले होते. त्या वर्षी सोळा संघ आत घेतले होते, तरी शेवटी समोरासमोर आले ते दोन्ही लीगमधले अव्वल संघ, डॉजर्स आणि टँपा बे रेज. एका वर्षावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि तेव्हा प्रवास नव्हता हेही खरं. पण दिशा कळते.

टँपा बेचं नाव निघालं ते बरं झालं.

२०२३ च्या सगळ्या गदारोळात लॉस एंजेलिस आणि अटलांटाचे गळे काढले गेले. ज्यांच्यावर रचनेनेच अन्याय केला ते रेज मात्र फारसे कुणाच्या गणतीत नव्हते. त्यांनी त्या वर्षी ९९ सामने जिंकले. अमेरिकन लीगमध्ये त्यांच्यापेक्षा जास्त फक्त ओरिओल्सचे, १०१. पण दोघंही एकाच डिव्हिजनमध्ये, पूर्वेच्या. त्यामुळे ९९ वाले रेज वाइल्ड कार्ड ठरले आणि पुढे चाल मिळाली ती पश्चिमेचा विजेता ह्यूस्टन ॲस्ट्रोजला, ज्यांचे विजय होते ९०. तिसरं मानांकन मिनेसोटा ट्विन्सला, विजय ८७. ट्विन्सच्या मधल्या डिव्हिजनमध्ये दुसरा नंबर ७८ विजयांना मिळाला होता, आणि खालचे दोन संघ ६१ आणि ५६ वर होते. टँपाच्या डिव्हिजनमध्ये तळाच्या बोस्टनचे विजय होते ७८.

रेजचा सीझन रविवारी संपला आणि मंगळवारी दुपारी ते तीन सामन्यांची मालिका खेळायला उतरले. समोर रेंजर्स. घरचं मैदान हा त्यांचा एकमेव फायदा, आणि तोही कसला: पहिल्या सामन्याला मैदानात १९,७०४ लोक. कोविडचं वर्ष सोडलं तर १९१९ नंतर पोस्टसीझनच्या सामन्याला एवढी कमी गर्दी झाली नव्हती. ४-० आणि ७-१. बुधवारी संध्याकाळी ९९ विजयांचा संघ सुट्टीवर.

आता कुणी म्हणेल, घरी खेळून दोन सामन्यांत एक धाव काढणाऱ्यांनी अन्यायाची भाषा करू नये. निकालापुरतं ठीक आहे. पण रचना निकालावरून तपासायची नसते. नाणेफेक हरली म्हणून नाणं खोटं ठरत नाही, आणि जिंकली म्हणून खरंही ठरत नाही. डॉजर्सना रचनेने जे द्यायचं ते सगळं दिलं होतं: पुढे चाल, विश्रांती, घरचं मैदान. ते हरले तर त्यांचं ते जाणोत. रेजना मात्र त्यांनी कमावलेलं मिळालंच नाही. नऊ विजय कमी असलेल्या संघाला विजेतेपदाची पावणेदोन पट शक्यता बहाल झाली, केवळ तो अमेरिकेच्या नकाशावर दुसऱ्या बाजूला आहे म्हणून.

डिव्हिजनच्या बाजूने एक जुना युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. पूर्वी डिव्हिजनमधल्या प्रत्येक संघाशी १९ सामने व्हायचे, म्हणजे चार संघांशी ७६. वेळापत्रकच वेगळं असेल तर वेगवेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांचे विजय सरळ कसे मोजायचे? पण गंमत अशी की हे वेळापत्रक नेमकं २०२३ मध्येच बदललं. आता डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १३ सामने आणि सीझनमध्ये उरलेल्या सगळ्या २९ संघांशी गाठ. ७६ वरून ५२. वेळापत्रक बरंचसं सारखं झालं, मानांकनाचा नियम मात्र जुनाच राहिला. युक्तिवाद मेला तरी नियम पेन्शन घेतोय.

उपाय अवघड नाही. डिव्हिजन ठेवा, सप्टेंबरमधल्या चुरशी त्यामुळेच टिकतात, प्रवास आटोक्यात राहतो, आणि शेजाऱ्याशी वैर हा खेळाचा अर्धा प्राण आहे. डिव्हिजन जिंकणाऱ्याला पोस्टसीझनमध्ये प्रवेशही नक्की ठेवा. पण आत आल्यावर मानांकन विजयांवर. बास्केटबॉलच्या एनबीएने २०१५-१६ पासून हे केलंय आणि आभाळ कोसळलं नाही. २०२३ च्या अमेरिकन लीगला हा नियम लावला तर आत तेच सहा संघ येतात, एकालाही बाहेर काढावं लागत नाही. पुढे चाल मिळते ओरिओल्स आणि रेजना. ॲस्ट्रोजविरुद्ध ट्विन्स, रेंजर्सविरुद्ध टोरोंटो ब्लू जेज. नॅशनल लीगमध्ये तर काहीच बदलत नाही, तिथे मानांकन योगायोगाने विजयांच्याच क्रमाने लागलं होतं.

मग शंभर विजयांच्या संघांसाठी आणखी काही करायचं की नाही? इथे जपानकडे बघावं लागतं. तिकडच्या क्लायमॅक्स सिरीजमध्ये, २००७ पासून, प्रत्येक लीगचे पहिले तीन संघ खेळतात. दुसरा-तिसरा आपसात, आणि जिंकेल तो पहिल्याशी. ही शेवटची गाठ सगळीच्या सगळी पहिल्या संघाच्या मैदानावर होते, आणि पहिल्या संघाला सुरुवातीलाच एक विजय देऊन टाकलेला असतो. कोरियातही चौथ्या-पाचव्या संघांच्या गाठीत चौथ्याला एक विजय किंवा बरोबरीही पुरते, पाचव्याला दोन्ही जिंकावे लागतात. २०१५ ते २०२३ एकाही पाचव्या संघाला ते जमलं नाही. २०२४ मध्ये केटी विझने पहिल्यांदा जमवलं.

ही एका विजयाची भेट किती मोठी आहे ते तोच ५५ टक्क्यांचा हिशेब सांगतो. पाच सामन्यांच्या मालिकेत एक विजय आधीच हाती असेल तर सरस संघाची शक्यता ५९ वरून थेट ७६ वर जाते. मालिका लांबवून मिळतो दीड टक्का, यातून सोळा-सतरा. सरस संघाला खरोखर झुकतं माप द्यायचं असेल तर ते असं दिलं जातं, बाकी सगळी वरवरची मलमपट्टी.

ही कल्पना अमेरिकेत उपरी नाही. २०२२ च्या वाटाघाटींत ‘घोस्ट विन’ या नावाने तिची चर्चा झाली होती, चौदा संघ घ्यायचे झाले तर डिव्हिजन विजेत्याला अशी आघाडी द्यावी म्हणून. ती बारगळली. मला ती मर्यादित स्वरूपात पटते: डिव्हिजन सिरीजमध्ये दोन संघांच्या विजयांत दहा किंवा जास्त अंतर असेल तरच आघाडी, एरवी नाही. २०२३ ला लावून पाहिलं तर ब्रेव्हज, डॉजर्स आणि ओरिओल्स तिघांनाही ती मिळाली असती, ॲस्ट्रोजना ट्विन्सविरुद्ध मिळाली नसती. आणि तरी तिघंही घरीच गेले असते. डॉजर्स आणि ओरिओल्सनी तीनच्या तीन गमावले. ब्रेव्हज १-० पुढून सुरू करून १-१, २-१, २-२ आणि मग २-३. म्हणजे ज्या वर्षाच्या रागातून हा उपाय सुचतो त्या वर्षी तो कुणालाही वाचवत नाही. जपानमध्येही २०२४ साली योकोहामाचे बेस्टार्स ७१ विजय, ६९ पराभवांसह तिसरे आले, एका विजयाची आघाडी असलेल्या टोकियोच्या जायंट्सना त्यांच्याच मैदानावर हरवून पुढे गेले आणि ९१ विजयांच्या सॉफ्टबँकला ४-२ ने नमवून विजेते झाले. बेसबॉलमध्ये सगळ्यात वाईट संघसुद्धा साधारण दहांतले तीन सामने जिंकतो. २०२३ चे ओकलंड ११२ हरले तरी ५० जिंकलेच. या खेळात सर्वोत्तम संघाला हमखास जिंकवणारी रचना शोधायची झाली तर १६२ सामन्यांनंतर थांबावं लागेल. १९६८ पर्यंत जवळपास तसंच होतं: लीगमध्ये पहिला आलेला थेट वर्ल्ड सिरीजला.

तिकडे परत जा म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी १९९३ आठवावं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स शेवटच्या दिवशी डॉजर्सकडून १२-१ ने हरले आणि १०३ विजय घेऊन घरी गेले, कारण त्याच डिव्हिजनमध्ये ब्रेव्हजचे १०४ झाले. (अटलांटा तेव्हा पश्चिम डिव्हिजनमध्ये होतं. नकाशा आणि बेसबॉलचं कधी पटलेलं नाही.) त्याच सप्टेंबरात मालकांनी वाइल्ड कार्डला मंजुरी दिली होती, पण ती पुढच्या वर्षापासून, आणि पुढच्या वर्षी संपामुळे वर्ल्ड सिरीजच झाली नाही. दार फार अरुंद केलं की काय होतं ते तेव्हा दिसलं.

शिवाय रेंजर्सना फुकटचे विजेते म्हणणं मला मान्य नाही. २०२१ मध्ये १०२ सामने हरलेला हा संघ. त्या हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगरला दहा वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर आणि मार्कस सीमियनला सात वर्षांसाठी १७.५ कोटी मोजले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रूस बोचीला निवृत्तीतून, घरून उठवून मॅनेजर केलं. पोस्टसीझनमध्ये परक्या मैदानांवर अकरा सामने खेळले, अकराही जिंकले. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये दोन धावांनी मागे असताना सीगरने पॉल सिवॉल्डला मारलेला होमरन आणि अकराव्यात अडोलिस गार्सियाने सामना संपवणारा दुसरा, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी विजयांची बेरीज बाजूला ठेवली असेल. दार थोडं उघडं असल्याशिवाय मालक असा पैसा ओतत नाहीत.

आयपीएलसारखं पहिल्या दोघांना दोन संधी द्याव्यात असं आपल्याकडचा वाचक लगेच सुचवेल. तिथे एक गाठ म्हणजे एक संध्याकाळ. इथे एक गाठ म्हणजे आठवडा. हरलेल्याला पुन्हा खेळवायचं तर डिसेंबर उजाडेल.

एक गोष्ट मात्र २०२२ च्या करारात उगाच गमावली, ती म्हणजे १६३ वा सामना. पूर्वी सीझनअखेर दोन संघ बरोबरीत आले आणि डिव्हिजन किंवा शेवटची जागा पणाला असली की एक जादा सामना व्हायचा. आता कागद काढतात आणि आपसातल्या सामन्यांवर निकाल लावतात. २०२३ मध्ये ॲस्ट्रोज आणि रेंजर्स दोघंही ९०-७२. रेंजर्स शेवटच्या दिवशी सिअ‍ॅटलकडून १-० ने हरले, आपसांत ॲस्ट्रोज ९-४ ने पुढे होते, म्हणून पुढे चाल ह्यूस्टनला आणि रेंजर्सनी रात्रीच फ्लोरिडाचं विमान गाठलं. पाच मोकळे दिवस असताना सोमवारी एक सामना खेळवायला जागा नव्हती असं कोण म्हणेल? मैदान भरलं असतं, टीव्हीला आयती मेजवानी, आणि पुढे चाल कागदावर न मिळता मैदानावर मिळाली असती.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालक पुन्हा चौदाचा आग्रह धरतील असा माझा अंदाज आहे. खेळाडूंनी बदल्यात तीन गोष्टी मागाव्यात: मानांकन विजयांवर, प्रवास नसेल तेव्हा सुट्टी नाही, आणि १६३ वा सामना परत. आघाडीचा एक विजय मिळाला तर उत्तमच, पण त्यावर मी पैज लावणार नाही. न खेळलेल्या सामन्याचं तिकीट विकता येत नाही. चौदाला मात्र ठाम नकार. चौदा म्हणजे प्रत्येक लीगमध्ये सात, आणि सातांत पुढे चाल एकालाच मिळू शकते. रेजना नाकारलं ते मग दरवर्षी आणखी कुणाला तरी नाकारलं जाईल.

बारा संघांतसुद्धा दार काही सताड उघडं नाही, हे ॲरिझोनाला विचारा. ८४ विजयांवर वर्ल्ड सिरीज खेळलेल्या या संघाने पुढच्या वर्षी ८९ जिंकले आणि मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त, ८८६ धावा काढल्या. न्यूयॉर्क मेट्स आणि ब्रेव्हजही ८९ वरच थांबले. सीझन संपल्यावर सोमवारी मेट्स आणि ब्रेव्हज यांचे पावसामुळे राहिलेले दोन सामने एकाच दिवशी झाले; दोघांनी एकेक जिंकला आणि दोघंही आत गेले. डायमंडबॅक्सचा सीझन आदल्या दिवशीच संपला होता. ते घरी बसून टीव्हीवर बघत होते, आणि आपसातल्या निकालांच्या कागदावर तिसरे ठरून बाहेर पडले. जादा सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.